आईचा आवाज आणि मुलीचे ऱ्हस्व-दीर्घ

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका गावाहून एका अंगणवाडी सेविकेने पत्र लिहिले आहे. त्यांची मुलगी गावच्या माध्यमिक शाळेत नववीत शिकते. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आजार आहे. चौथीपर्यंत ती छापील अक्षर वाचत होती; आता समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, पण पुस्तकातील ओळ सापडत नाही. पाचवीपासून रोज संध्याकाळी दोन-अडीच तास आई तिला पुस्तके मोठ्याने वाचून दाखवते आणि मुलगी लेखनिकाच्या मदतीने परीक्षा देऊन वर्गात पहिल्या दहांत येते. आता आईचा घसा वरचेवर बसू लागला आहे, डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितले आहे आणि जूनमध्ये दहावी सुरू होईल. शाळेने ए-थ्री आकाराच्या मोठ्या झेरॉक्स काढून दिल्या, त्या तिला वाचता आल्या नाहीत आणि ‘ती प्रयत्नच करत नाही’ असा शिक्षकांचा समज झाला. बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले पुस्तक मोबाइलवर ऐकायला गेल्यास निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येतात. पुतण्या पुस्तके स्कॅन करून द्यायला तयार आहे, पण तो कॉपीराइटचा गुन्हा होईल असे एका शिक्षकांनी बजावले आहे. मोफत पुस्तके आठवीपर्यंतच असतात आणि ब्रेलची तरतूद आपल्याकडे नाही, असे शाळेचे म्हणणे आहे. मुलीला पुण्याच्या अंधशाळेत वसतिगृहात ठेवावे, कारण ‘तिथे सगळी पुस्तके असतात’, असे दीर सुचवतात. मुलीने दिवाळीत मामाच्या गावाहून स्वतः टंकून पाठवलेला पहिला निरोप आईने पत्राला जोडला आहे : ‘आई मी ऊद्या दूपारी येनार आहे.’ दहावीच्या भूगोलातील ब्राझीलचा नकाशा वाचून कसा दाखवायचा, असेही त्या शेवटी विचारतात. त्यांचा मुख्य प्रश्न एवढाच आहे, की मुलीला पुस्तके कुठून मिळतील?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातील तो एका ओळीचा निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. तुम्ही तो कौतुकाने जोडला आहे आणि कौतुक योग्यच आहे, कारण पडद्यावरचा कळफलक नुसत्या आवाजाच्या आधाराने चालवणे सोपे नसते. तरीही त्यातील ‘ऊद्या’, ‘दूपारी’ आणि ‘येनार’ या तीन शब्दांपाशी मी थांबलो. नववीत पहिल्या दहांत येणाऱ्या मुलीचे लेखन चौथीतल्या मुलीसारखे आहे, आणि ती डोळ्यांनी वाचत होती तीही चौथीपर्यंतच. त्यानंतरची पाच वर्षे तिने हजारो शब्द ऐकले, पण वाचला एकही नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांतील फरक आपल्या रोजच्या बोलण्यात कानाला क्वचितच कळतो. तो डोळ्याला कळतो किंवा बोटाला. परीक्षेत उत्तरपत्रिका लेखनिक लिहितो, त्यामुळे गुणपत्रिकेत जे शुद्धलेखन उतरते ते लेखनिकाचे असते, आणि म्हणूनच ही उणीव ना शाळेच्या लक्षात आली ना तुमच्या. यात तुमचा दोष आहे असे कृपया समजू नका. मी स्वतः काही काळ एका ध्वनिमुद्रण केंद्रात पुस्तके वाचून देत असे आणि तासाभरात माझा आवाज घोगरा होई. तुम्ही ते काम घर आणि अंगणवाडी सांभाळून पाच वर्षे केले आहे.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेतो. पुस्तक तुमच्या घरात आहे, मोबाइलमध्येही आहे. ते जिच्यासाठी आहे तिला स्वतःला वाचता येईल अशा रूपात मात्र नाही. तेव्हा कोणत्या विषयाचे पुस्तक कोणत्या रूपात तिच्या हाती पडले पाहिजे हे आधी ठरवू या, म्हणजे ते कुठून आणायचे हा शोध बराच सोपा होईल.

सुरुवात त्या मोठ्या झेरॉक्सपासून करतो, कारण त्यातून एका मुलीवर आळसाचा आरोप झाला आहे. अक्षर मोठे केले की कमी दिसणाऱ्याला वाचता येते, ही समजूत सर्वांना सारखी लागू पडत नाही. तुमच्या मुलीच्या आजारात बहुधा दृष्टीचे क्षेत्र कडांकडून आकसत येते आणि एखाद्या नळीतून पाहावे तेवढेच मधोमध दिसत राहते. म्हणूनच तिला चेहरा दिसतो आणि ओळ हरवते. अशा नजरेपुढे अक्षर जितके मोठे, तितकी कमी अक्षरे एका वेळी दिसतात, आणि ए-थ्रीच्या पसरट कागदावर ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत येताना वाट चुकते. नेत्रतज्ज्ञांना सांगून तिची ‘लो व्हिजन’ तपासणी करून घ्या. कोणत्या आकाराचे अक्षर, किती उजेड, काळ्यावर पांढरे की पांढऱ्यावर काळे, हे त्या तपासणीतून कळते आणि मोबाइलच्या पडद्यावर लगेच करूनही पाहता येते. त्या तज्ज्ञांकडून चार ओळींची चिठ्ठी घेऊन ती शाळेत दिलीत, तर आळसाचा विषय तिथेच मिटेल. मात्र हा आजार सहसा वाढत जाणारा असतो, त्यामुळे उरलेल्या दृष्टीवर सारी भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते.

यासाठी तिला ब्रेल शिकवा, आणि आताच शिकवा. मोबाइल बोलू लागल्यापासून ‘आता ब्रेल कशाला?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात, त्यात शिकलेली माणसेही असतात. माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे आणि त्याचे कारण तो दिवाळीचा निरोप आहे. देशातील भाषांसाठी जी भारती ब्रेल वापरली जाते तिच्यात सहा टिंबांच्या मांडणीतून प्रत्येक अक्षर तयार होते. ऱ्हस्व इकाराची मांडणी वेगळी आणि दीर्घ इकाराची वेगळी. ‘न’ वेगळा आणि ‘ण’ वेगळा. छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, ब्रेलमध्ये प्रत्येक स्वरचिन्ह व्यंजनानंतरच येते, आणि जोडाक्षर सुरू होण्यापूर्वी हलन्ताची खूण बोटाला लागते. म्हणजे शब्द कसा लिहिला आहे हे ओलांडून ब्रेल वाचताच येत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या हुशार मुलीला अक्षरे काही आठवड्यांत ओळखता येऊ लागतील. वेग यायला मात्र अनेक महिने लागतील, आणि दहावीचा सगळा अभ्यास ब्रेलमधून होईल अशी अपेक्षा तुम्ही ठेवू नका, तिलाही ठेवू देऊ नका.

ती अपेक्षा ठेवू नये याला आणखी एक व्यवहारी कारण आहे. ब्रेलच्या एका ओळीत साधारण ३० ते ४० अक्षरखाने मावतात आणि कागद जाड लागतो, त्यामुळे आपले सडपातळ पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंडांचे होते. सगळ्या विषयांचे खंड दप्तरात घालून कोणी शाळेत जाऊ शकत नाही. मी तुमच्या जागी असतो तर मराठी, हिंदी आणि इंग्रजीतील कविता, निवडक गद्य पाठ, व्याकरण आणि गणित ब्रेलमध्ये मागितले असते, आणि इतिहास, भूगोल, विज्ञान यांचा मजकूर मोबाइलवर वाचता येईल अशा रूपात. ब्रेल शिकवायला कोण येईल, असे तुम्ही विचाराल. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणासाठी, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबरच शिकता यावे यासाठी, विशेष शिक्षक नेमलेले असतात आणि ते तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असतात. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून बहुधा तुमची त्यांच्याशी गाठ पडलेली नाही. या आठवड्यातले पहिले काम म्हणून त्यांना भेटा.

आता मोबाइलने वाचलेल्या त्या निरर्थक इंग्रजीविषयी. मोबाइल बिघडलेला नाही. मराठी छपाईत वर्षानुवर्षे असे फॉन्ट वापरले गेले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. आपल्या डोळ्यांना ‘शाळा’ दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचे कडबोळे असते. वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, आकार पाहत नाही. साठवलेले अक्षर वाचतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून त्यात टंकलेला मजकूर नीट वाचला जातो. एखादी पीडीएफ कशी आहे हे ओळखण्याची सोपी युक्ती अशी, की तिच्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या निरोपात चिकटवून पाहावी. मराठीच उमटली तर फाइल कामाची आहे. कडबोळे उमटले किंवा ओळ निवडताच आली नाही, तर त्या पानाकडे केवळ चित्र म्हणून पाहून त्यातील अक्षरे संगणकाकडून ओळखून घ्यावी लागतात. या प्रक्रियेला ओसीआर म्हणतात.

तुमच्या पुतण्याला हे काम संगणकावर विनाखर्च करता येईल. फाइल गुगल ड्राइव्हवर चढवायची आणि ती गुगल डॉक्समध्ये उघडायची, की मराठी अक्षरे ओळखून मजकूर तयार होतो. एका वेळी अख्खे पुस्तक देऊ नये, कारण ही सोय साधारण दोन एमबीपर्यंतच्या फाइलसाठीच नीट चालते. एकेक धडा वेगळा करून द्यावा. मिळालेला मजकूर मात्र जसाच्या तसा मुलीच्या हाती देऊ नका. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांत हमखास चुका होतात, चौकटीतला मजकूर धड्याच्या मधोमध घुसतो, दोन रकान्यांची सरमिसळ होते; आणि जिचे शुद्धलेखन सुधारायचे तिलाच चुकीचे शब्द वाचायला देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. मुद्रितशोधनाचे हे काम तिच्या वर्गमैत्रिणींना वाटून द्या. दोघींनी मिळून एक धडा, एकीने छापील पुस्तकातून वाचायचे आणि दुसरीने पडद्यावर तपासायचे, असे केले की त्यांचाही तो धडा जूनपूर्वी एकदा वाचून होतो. हे उपकार म्हणून मागू नका, शाळेत उपक्रम म्हणून सुचवा.

या फाइल बनवताना दोन गोष्टी सहसा राहून जातात. छापील पुस्तकातील पान जिथे संपते तिथे फाइलमध्ये तो पृष्ठक्रमांक लिहायचा. वर्गात बाई ‘पान ४२ उघडा’ म्हणतात तेव्हा इतर मुली दोन सेकंदांत पोहोचतात आणि तुमची मुलगी चाचपडत राहते. क्रमांक असेल तर तीही शोधून पोहोचेल. दुसरे, धड्याचे व उपविषयांचे मथळे नुसते ठळक न करता त्यांना मथळ्याची शैली (हेडिंग स्टाइल) द्यायची, म्हणजे स्क्रीन रीडरला एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी घेता येते. आकृतीच्या जागी तिचे दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहायचे. ‘येथे चित्र आहे’ एवढे लिहून भागत नाही. तयार मजकूर अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर मराठी आवाजात वाचतो, आणि पुढेमागे संगणक मिळाला तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत उपलब्ध आहे. स्क्रीन रीडरने एकेक अक्षर सुटे करूनही वाचता येते, हे तिला मुद्दाम शिकवा. नवा शब्द आला की थांबून तो एकेक अक्षर सुटे करून ऐकायचा, ही सवय ब्रेलचा वेग येईपर्यंत तिच्या शुद्धलेखनाला आधार देईल.

शिक्षकांनी दाखवलेली कॉपीराइटची भीती प्रामाणिक आहे, पण अस्थानी आहे. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने कलम ५२ मध्ये एक अपवाद घातला. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणीही एखादी साहित्यकृती सुगम रूपात आणली आणि ती वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी दिव्यांग व्यक्तीला दिली, तर तो स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. ना नफा तत्त्वावर काम करणाऱ्या संस्थांनाही ही मोकळीक आहे. प्रती दिव्यांगांनीच वापराव्यात याची काळजी त्यांनी घ्यायची असते. देशोदेशींच्या दृष्टिहीनांसाठी हेच तत्त्व मांडणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे झाला आणि त्याला २०१४ मध्ये सर्वांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारत होता. तुमच्या पुतण्याने निर्धास्तपणे काम सुरू करावे. त्याने तयार केलेली फाइल शेजारच्या तालुक्यातील दृष्टिहीन विद्यार्थ्याला देण्यालाही हरकत नाही. ती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वांना वाटणे किंवा विकणे मात्र या अपवादात बसत नाही, एवढे त्याला सांगून ठेवा.

तथापि कष्ट करण्यापूर्वी शोध घ्यावा, कारण तुमचे काम कोणीतरी आधीच केलेले असू शकते. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्याने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या आधारे सदस्य होता येते आणि डेझी, ईपब (ई-पुस्तकाचा एक प्रकार) किंवा ब्रेलसाठी तयार केलेली फाइल अशा रूपांत पुस्तके उतरवून घेता येतात. डेझी म्हणजे मथळ्यांवरून आणि पानांवरून पुढे-मागे जाता येईल असे पुस्तक. सलग ध्वनिफितीत हवा तो परिच्छेद शोधताना जो जीव मेटाकुटीला येतो तो त्यात वाचतो. त्याखेरीज मुंबईतील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून चालणारे दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र आणि पुण्यातील निवांत अंध मुक्त विकासालय येथेही चौकशी करा. कोणत्याही संस्थेला विचारताना पुस्तकाचे नाव, माध्यम आणि पहिल्या आवृत्तीचे वर्ष न चुकता सांगा. दहावीची पुस्तके २०१८ मध्ये बदलली. त्याआधीच्या पुस्तकाची कितीही सुरेख ब्रेल प्रत मिळाली तरी ती या अभ्यासक्रमासाठी निरुपयोगी आहे. २०१८ नंतर दहावी झालेला एखादा दृष्टिहीन विद्यार्थी ओळखीत निघाला, तर त्याच्याकडे सगळा संच असण्याचा संभव आहे. संस्थांच्या आधी मी त्यालाच फोन केला असता.

शाळेच्या म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. आठवीपर्यंतची मोफत पुस्तके ही सर्व मुलांसाठीची योजना झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १७ त्याहून निराळे आहे : ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, इतर शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती सहायक साधने विनामूल्य पुरवणे ही त्या कलमानुसार शासनाची व स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे. मुख्याध्यापकांना हे बहुधा कोणी सांगितले नसावे. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना अर्ज द्या. अर्जात मुलीचे नाव व इयत्ता, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या शासकीय ओळखपत्राचा, क्रमांक आणि कोणत्या विषयाचे पुस्तक ब्रेलमध्ये हवे व कोणते युनिकोड मजकुराच्या रूपात, हे विषयवार लिहा. ‘पुस्तके मिळावीत’ असा मोघम अर्ज केलात तर छापील पुस्तकांचा गठ्ठा येईल आणि कागदोपत्री मागणी पूर्ण झालेली असेल. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि दोन्हीकडून आवक क्रमांक घ्या. शाळेच्या यू-डायस नोंदीत, म्हणजे शासनाकडे जाणाऱ्या शालेय माहितीत, तुमच्या मुलीची नोंद विशेष गरजा असलेली विद्यार्थिनी म्हणून झाली आहे ना, हेही त्याच भेटीत विचारा. सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या एकुलत्या एका दृष्टिहीन मुलीची नोंद राहून जाणे नवलाचे नाही, आणि नोंदच नसेल तर वरच्या कार्यालयाच्या हिशेबात ती मुलगी नसतेच. हे सर्व फेब्रुवारीत व्हायला हवे. जूनमध्ये मागितलेले ब्रेल पुस्तक दिवाळीनंतर मिळाले तर त्याचा उपयोग कपाट भरण्यापुरता. अर्जांना उत्तरच आले नाही, तर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण तिथवर जावे लागू नये.

दिरांच्या सूचनेविषयी मी जरा सावधपणे लिहितो. अंधशाळेत पुष्कळ काही चांगले मिळते : ब्रेल येणाऱ्या मैत्रिणी, पांढरी काठी घेऊन एकटीने रस्ता ओलांडण्याचे शिक्षण, आणि आपल्यासारखे इतरही आहेत हा दिलासा. यांपैकी एकही गोष्ट तुमच्या गावात तिला मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी. परंतु ‘तिथे सगळी पुस्तके असतात’ या कारणासाठी पाठवत असाल, तर ते कारण मला पुरेसे वाटत नाही. पुस्तके वेळेवर मिळवण्याची धडपड तिथल्या शिक्षकांनाही करावी लागते, आणि काही संस्थांत तर मुले वसतिगृहात राहून वरच्या वर्गांसाठी जवळच्या सर्वसाधारण शाळेतच जातात. ऐन दहावीत नवे गाव, नवी शाळा, नवी लिपी आणि नवा लेखनिक हे ओझे एकदम देण्यापेक्षा एप्रिल-मेच्या सुट्टीत काही आठवडे एखाद्या संस्थेत राहून ब्रेल, काठी आणि संगणक शिकता येईल का, हे विचारून पाहा. अकरावीला बाहेर जायचेच असेल तर त्या अनुभवाचा उपयोग होईल. आणि एक गोष्ट राहून गेली. दीर, पुतण्या, शिक्षक आणि डॉक्टर, सर्वांची मते तुमच्या पत्रात मला वाचायला मिळाली. जिला वसतिगृहात राहावे लागेल तिचे मत नाही. ते विचारा, आणि उत्तर लगेच मिळाले नाही तरी वाट पाहा.

गणिताबाबत एक धोक्याची सूचना देतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना दहावीत बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची सवलत असते, आणि आकृत्या दिसत नाहीत या एकाच कारणावरून शाळा ती परस्पर सुचवतात. सवलत वाईट नाही. काही मुलांना तिने तारले आहे. परंतु ती घेतली की विज्ञान शाखेची आणि अनेक पदविका अभ्यासक्रमांची दारे बंद होतात, आणि हे पालकांना निकालानंतर कळते. तुमच्या मुलीला गणित आवडते की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. आवडत असेल, तर टेलर फ्रेम (खाचांत खिळे बसवून गणित मांडायची पाटी) आणि ॲबॅकस यांवर आकडेमोड आणि ब्रेलमधील गणिती चिन्हे विशेष शिक्षकांकडून शिकवून घ्या. ओसीआरकडून समीकरणांची अपेक्षा करू नका, ती हातानेच टंकावी लागतात. लेखनिक, जादा वेळ आणि इतर सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. घटक चाचण्यांतही तेवढाच वेळ मागून घ्या, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत त्या वेळेचे काय करायचे हा प्रश्न तिला पडणार नाही.

राहिला तुमचा आवाज. वाचणे बंद करा असे मी म्हणणार नाही, पण एकच धडा चार वेळा वाचणे बंद करा. जे वाचायचे ते मोबाइलवर एकदाच ध्वनिमुद्रित करा : एका फाइलमध्ये एकच धडा, नावात विषय आणि धड्याचा क्रमांक, आणि पान उलटले की पृष्ठक्रमांक मोठ्याने सांगायचा. नवा शब्द आला की तो सुटा करून सांगा, ‘उद्या, ऱ्हस्व उ’. इंग्रजीसाठी गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकांना विचारा; अशी माणसे कोणी विचारण्याची वाटच पाहत असतात. मजकुराच्या फाइल तयार होत जातील तसतसे पाठ्यपुस्तक वाचण्याचे तुमचे काम कमी होईल, आणि घसा बरा असेल त्या संध्याकाळी तिला एखादी गोष्ट वाचून दाखवता येईल, जिच्यावर दुसऱ्या दिवशी कोणी प्रश्न विचारणार नाही.

आता ब्राझील. नकाशा वाचून दाखवता येत नाही. तो बोटांना द्यावा लागतो. शिंप्याकडे कापडावर खुणा करण्यासाठी दातेरी चाक असते, ते आणा. रबराच्या चटईवर जाड कार्डशीट ठेवून नकाशाच्या रेषेवरून ते चाक दाबून फिरवले, की कागदाच्या पलीकडच्या बाजूला टिंबांची उठावदार रेघ उमटते. त्या बाजूने किनाऱ्याला सुतळी आणि नद्यांना लोकरीचा धागा चिकटवा, डोंगराळ भागात डिंकावर रवा पसरा आणि शहरांच्या जागी एकेक मोहरी लावा. एका नकाशात तीन-चारच गोष्टी दाखवा, कारण बोटाला गर्दी सोसत नाही; नद्यांचा नकाशा वेगळा, शहरांचा वेगळा. कागदाचा वरचा उजवा कोपरा कापून ठेवा, म्हणजे उत्तर कुठे हे तिला न विचारता कळेल. उठाव मागच्या बाजूला येत असल्यामुळे मूळ रेखाटन आरशात दिसते तसे उलटे काढावे लागते, हे मात्र विसरू नका. नाहीतर ॲमेझॉन अटलांटिककडे जाण्याऐवजी अँडीज चढू लागेल.